वॉल्टरनं अंडी घातली

"दोगी बी?"

"दोगी बी. माझ्या डोळ्यांनी बगितलं."

"आगं, पर त्यातला एक नर हाय न्हवं?"

"त्येच तर सांगतीया! त्यो नरच अंडी घालाय लागलाय. ये लौकर. बूट काडत बसू नगंस, तशीच खाली ये."

मी बर्फातले बूट तसेच पायात ठेवून शेजारच्या आर्डिसच्या तळघरात उतरले. फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे दोन वाजले असतील. एरवी ह्या वेळेला आर्डिस घरात सापडायची नाही. आमच्या मॅनिटोवॉक गावात तलावाच्या कडेला जो जुना बार आहे, त्याच्या भटारखान्यात ती सतरा वर्षं मासे तळते. मीही तिथंच ताटं नेते-आणते. त्या दिवशी भटारखान्याचा नळ गोठून फुटला, मालकानं सगळ्यांना घरी पिटाळलं, म्हणून ती घरात होती. नळ फुटला नसता तर हा उजेड आणखी वर्षभर पडला नसता.

तळघरात उंच काचेची टाकी. पाणी दूध न घातलेल्या चहासारखं. त्यात दोन एंजल मासे, बशीएवढं अंग आणि वर-खाली शिडासारखे ताठ पर. चांदीचा रंग, त्यावर काळे उभे पट्टे, आणि खांद्यावर विटकरी डाग, जसा काही कुणी गेरूचा हात पुसलाय. टाकीत शाळेच्या पाटीसारखा दगडी पाटीचा तुकडा तिरका ठेवलेला. त्यावर मादी, मेबल, खालून वर सरकत होती आणि तिच्या पोटाखालून मोत्यांची माळ उमटत होती. ती वर गेली की मागून वॉल्टर. आता नराचं कामच ते, मादीच्या मागून अंड्यांवरून फिरायचं. त्यामुळं लांबून बघणाऱ्याला सगळं रीतसर दिसावं.

आर्डिसनं माझ्या हातात भिंग दिलं. "बग त्येच्या पोटाखाली."

बघितलं. वॉल्टरच्या मागंही मोत्यांची माळ.

"नराची नळी सुईगत बारीक आसती," आर्डिस म्हणाली. "ह्येची बग, पेन्सिलीच्या बुडासारखी. मेबलची बी तशीच. दोन वर्सं! दोन वर्सं म्या ह्या दोगींचा संसार बगत बसलीया."

जिन्यावरून तिचा नवरा व्हर्लिन ओरडला, "काय झालं गं आर्डी? टाकी फुटली का?"

"न्हाई. तुझा बाप अंडी घालतोय."

व्हर्लिन दुधाचा टँकर चालवून रिटायर झालेला माणूस. कशाला दचकत नाही. पण ह्या माशांची नावं त्याच्याच आईबापावरून ठेवलेली. वॉल्टरचं नाक म्हाताऱ्यागत वर उचललेलं होतं, आणि मेबल त्याला सारखी कोपऱ्यात रेटायची, म्हणून. तो खाली आला, भिंगातून बघितलं, डोळे चोळून परत बघितलं.

"म्हंजी म्या आलो कुटनं?" शेवटी म्हणाला.

आम्ही दोघी हसून हसून जिन्यावर बसलो.

हसलो खरं, पण आर्डिसचं हसू लवकर विझलं. कारण तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि व्हर्लिनलाही कळत होतं, की ही टाकी म्हणजे तिचा शेवटचा डाव.

पाच वर्षांमागं ब्राझीलमधल्या मानाकापुरू नदीतून पकडलेले बारा एंजल मासे आमच्या भागात आले. पोस्टाच्या तिकिटाएवढे. सहा आर्डिसनं घेतले, सहा डेल्मार उटेकनं. ज्या माणसानं आणले त्यानं पुढच्याच वर्षी धंदा गुंडाळला आणि तो उबेला फ्लॉरिडात जाऊन बसला. त्यानंतर त्या नदीचे मासे इकडं कुणाकडं आले नाहीत. दुकानात एंजल मासे काय, ढिगानं मिळतात. संगमरवरी, सोनेरी, लांब शेपट्यांचे. आर्डिस त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. "त्यास्नी आई-बाप कुटं म्हाईत?" म्हणते. दुकानातल्या माशांची अंडी पिढ्यान् पिढ्या काढून घेऊन काचेच्या बरणीत, निळ्या औषधात उबवलेली. त्यामुळं आपल्या पोरांना सांभाळायचं त्या जातीला ठाऊकच राहिलेलं नाही. समोर अंडी दिसली की खाऊन मोकळे होतात. नदीतून आलेले मात्र पोरं सांभाळतात. तोंडात धरून ह्या पानावरून त्या पानावर नेतात, भोवती राखण करतात. हे आर्डिसनं ऐकलेलं, वाचलेलं, पण बघितलं नव्हतं. आणि तिला ते एकदा बघायचं होतं. बरणी नाही, औषध नाही. आईबाप आणि पोरं.

त्यापायी तिनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. आमच्या नळाचं पाणी तलावाचं, जड. त्या माशांना पाणी पाहिजे हलकं. म्हणून आर्डिस बर्फ वितळवते. मागच्या अंगणातलं बर्फ तिचं; व्हर्लिननं तिथं फावडं लावायचं नाही, माझ्या कुत्र्यानं तिथं पाय उचलायचा नाही. तिच्या बापाच्या गोठ्यातले दुधाचे जुने कॅन तिनं जपून ठेवलेत. त्यात बर्फ ठासून भरायचं, तळघरात वितळू द्यायचं, आणि त्यात ओकची वाळलेली पानं भिजत घालायची. त्यानं पाण्याला तो चहाचा रंग येतो. थंडीत सगळी गल्ली बर्फाला शिव्या देत असते आणि ही बाई खिडकीतून बघून म्हणते, "आज झ्याक पडाय लागलंय."

सहातले चार मासे दोन वर्षांत गेले. उरलेल्या दोघांनी आपणहून जोडी जमवली आणि अंडी घालायला लागले. घालायचे तेही भरभरून. पण आर्डिस कामावर असतानाच. ती येऊन बघायची तर पाटी भरलेली, आणि दोघंही पंख हलवून वारा घालत उभे. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी. फुकट. असं वीस-बावीस वेळा तरी झालं असेल. आर्डिसनं दोष दिला नाही असं काही उरलं नाही. पाण्याला दिला, पानांना दिला, व्हर्लिनच्या पाइपाला दिला, एकदा तर मला दिला, मी वाकून बघते म्हणून. आणि मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात मात्र मिरवून सांगायची, "माझ्या जोडप्याएवढी अंडी कुनाचंच जोडपं घालत न्हाई."

घालणार कसं? दोन आया मिळून घालत होत्या.

आता मासे पाच वर्षांचे. आणखी एखादं वर्ष अंडी घालतील, मग थांबतील. त्या आधी नर मिळाला नाही तर सगळं संपलं. आणि नर पाहिजे तो त्याच नदीचा. दुसरा कुठलाही आर्डिसला चालणार नव्हता.

"एकच हाय," मी म्हणाले.

"नाव घिऊ नगंस त्येचं."

"डेल्मारकडं."

"म्हनलं न्हवं, घिऊ नगंस!"

डेल्मार उटेक हा जहाजाच्या गोदीत क्रेन चालवून म्हातारा झालेला, मोठ्या कानांचा, हट्टी गडी. त्याच्याही सहातला एकच उरला होता. तीन वर्षांमागं त्यानं तो दुकानातल्या संगमरवरी मादीबरोबर ठेवला. पिल्लं झाली, चांगली शंभरभर. आमचा मासेवाल्यांचा क्लब महिन्यातून एका रविवारी चर्चच्या तळघरात भरतो; कॉफी असते, केक असतो, आणि शेवटी माशांच्या पिशव्यांचा लिलाव. आमच्यात रीत अशी, की पिशवीवर माशाच्या नदीचं नाव लिहायचं ते खरंच लिहायचं. माणूस वयाबद्दल खोटं बोलेल, बायकोशी खोटं बोलेल, पिशवीवर नाही. डेल्मारनं त्या पिल्लांच्या पिशवीवर 'मानाकापुरू' लिहून आणलं. बापाची नदी तीच, म्हणाला. आर्डिस भर लिलावात उठली. "पुस ते नाव. संकर हाय ही, नदीचं नाव कशापायी बाटवतोस?" डेल्मारनं पिशव्या उचलल्या आणि निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बोलणं बंद, पण दर शुक्रवारी तो बारमध्ये येऊन तिच्याच हातचा तळलेला मासा खाणार. मला त्यांचे निरोप पोचवावे लागत. "तिला सांग, आज मासा वातड झालाय." आत जाऊन सांगितलं की आर्डिस कढईवरून मान न उचलता, "त्याला सांग, मासा न्हाई, आपलं दात तपासून घे म्हनावं." बाहेर येऊन सांगितलं की तो खुशीनं ब्रँडीचा घोट घेणार. तीन वर्षं हे चाललं.

त्या मंगळवारी आर्डिस टाकीपुढं खुर्ची ओढून बसली. मग आपल्याशीच म्हणाली, "नर हाय ह्ये नक्की. पिल्लं झालती त्येला."

ज्या पिल्लांपायी तिनं त्याची चारचौघांत लाज काढली, त्या पिल्लांनीच त्याचा मासा नर ठरवला होता. हे तिच्या ध्यानात आलं, माझ्याही आलं.

शुक्रवारी नळ दुरुस्त झालेला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस लागले होते, आणि आमच्याकडं त्या दिवसांतल्या शुक्रवारी कुणी मटण खात नाही. सगळं गाव मासे खायला बारमध्ये. दाराबाहेर रांग. डेल्मार आपल्या कोपऱ्यात. आर्डिसनं त्याचं ताट भरलं. नेहमीच्या कॉड माशाऐवजी तलावातला महागडा पर्च, बटाट्याची धिरडी, कोबीची कोशिंबीर, आणि काळ्या पावाचे दोनाऐवजी तीन तुकडे.

मी ताट ठेवलं. त्यानं पाव मोजला.

"काय पायजेल तिला?"

"तुझा मासा."

"कशाला? तिचं जोडपं हाय की पाचशे अंड्यांचं."

मी खरं ते सांगितलं. डेल्मारचा घास हातात राहिला. आधी त्याचे कान हलले, मग खांदे, मग तो एवढ्या मोठ्यानं हसला की बारवाल्यानं गाणं बंद केलं. आत आर्डिसनं ऐकलं. झारा आपटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

डोळे पुसून तो म्हणाला, "तिला सांग, क्लबात उभी ऱ्हाऊन बोलली व्हतीस, क्लबात उभी ऱ्हाऊनच सांग. मासा घिऊन म्या सोता येतो."

रविवारी चर्चच्या तळघरात तीसेक माणसं. कॉफी झाली, केक झाला, लिलाव सुरू व्हायच्या आधी आर्डिस उठली. धुवट स्वेटर, तेलाच्या डागांनी भरलेली मनगटं, हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट.

"मला दोन गोस्टी सांगायच्यात," ती म्हणाली. "डेल्मारची पिल्लं त्या नदीची न्हवती, ह्ये म्या आज बी म्हनते."

डेल्मारनं टोपी उचलली. जायच्या बेतात.

"बस खाली, झालं न्हाई माझं. पर त्येला बाजूला घिऊन सांगायचं सोडून म्या सगळ्यांम्होरं सांगितलं. ती माझी चूक. मापी मागते. आता दुसरं." तिनं श्वास घेतला. "माझं जे जोडपं, ज्येची म्या दोन वर्सं तुमास्नी रंगवून रंगवून कवतिकं सांगितली, त्यात नर न्हाई. दोगी बी बाया हायत."

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कोणीतरी म्हणालं, "वॉल्टर बी?"

"वॉल्टर बी."

चर्चच्या तळघरात इतकं हसू मी बाप्तिस्म्यालाही ऐकलेलं नाही. अध्यक्षांची कॉफी टेबलावरून सांडली. डेल्मार उभा राहिला, हात वर करून सगळ्यांना गप केलं.

"मला आदीच वाटलं व्हतं," तो म्हणाला.

"कवा?" आर्डिस.

"आत्ता."

दुसऱ्या दिवशी तो नर घेऊन आला. बिअर थंड ठेवायच्या पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या, मधोमध पिशवी, वर त्याचा लोकरीचा कोट. स्वतः नुसत्या स्वेटरवर, ओठ निळे. "गाडीतला हिटर लावला न्हाईस?" व्हर्लिननं विचारलं. "बिघडलाय," डेल्मार म्हणाला. "म्हून तर कोट."

टाकीत मधे जाळी घातली. एकीकडं नर, दुसरीकडं दोघी. एकदम सोडलं असतं तर दोघींनी मिळून त्याचे पर फाडले असते. आठ दिवस डेल्मार रोज दुपारी यायचा, खुर्ची ओढून जाळीकडं बघत बसायचा. आर्डिस कामावर गेली तरी हा बसलेला. व्हर्लिन त्याला सूप द्यायचा आणि दोघं पत्ते खेळायचे.

नवव्या दिवशी वॉल्टर जाळीशी येऊन नराच्या समोर थरथरायला लागला. म्हणजे लागली. जाळी काढली, मेबलला बाजूच्या टाकीत हलवलं.

"म्हंजी माझ्या बापानं दुसरा घरोबा केला," व्हर्लिन म्हणाला, आणि मेबलच्या टाकीत चिमूटभर किडे जास्त टाकले.

मार्चच्या मध्यावर पहिली अंडी झाली. दुसऱ्या सकाळी पाटी पुसल्यासारखी कोरी. खाल्ली. आर्डिस काही बोलली नाही, पण त्या दिवशी भटारखान्यात तिनं दोन वेळा मीठ घातलं. डेल्मार म्हणाला, "आता म्होरल्या येळंला पाटी काडून बरणीत घालू. निळं औषद म्या आनतो."

"न्हाई."

"आर्डिस, इचार कर. वय झालंय त्यांचं. हातची जात जाईल."

"शिकाय येळ लागतोय. मला बी पयल्या दिशी कुठं मासा तळता आला?"

"मला आजून बी शंका हाय," डेल्मार म्हणाला.

दहा-अकरा दिवसांनी परत पाटी भरली. ह्या वेळी तिसऱ्या दिवशी पांढरी झाली ती मोजकी पाच-सात. बाकीची मधाच्या रंगाची, आणि प्रत्येकात बारीक काळा ठिपका. मग त्यांना शेपट्या फुटल्या. शेपट्या एकदम हलायला लागल्या तेव्हा पाटीवर वारा सुटलाय असं वाटलं.

त्याच संध्याकाळी नर पाटीकडं गेला आणि तोंड भरून घेतलं.

"खाल्लं! बगा, खाल्लं!" डेल्मार खुर्चीवरून उठला, हातात पाणी ओढायची नळी, बाही कोपरावर. आर्डिसनं त्याचं मनगट धरलं. तेलानं भाजलेला, दुधाचे कॅन उचलून घट्ट झालेला हात. क्रेन चालवणाऱ्याला सुटेना.

"थांब."

"आगं, पर..."

"थांब म्हनलं न्हवं, डेल्मार."

नर रुंद हिरव्या पानाशी गेला, तोंड पुढं केलं आणि एक-एक करून थुंकला. पिल्लं पानाला चिकटली, शेपट्या हलवत. वॉल्टर दुसरं तोंड भरून आली. एक पिल्लू सुटून खाली पडत होतं, ते तिनं अधांतरीच झेललं, तोंडात घोळवलं, धुऊन परत पानावर लावलं. अगदी नाक पुसून पोराला शाळेत बसवावं तसं.

डेल्मारनं नळी खाली ठेवली. आर्डिसनं त्याचं मनगट सोडलं नव्हतं, आणि दोघांच्याही ते ध्यानात नव्हतं. व्हर्लिनच्या होतं. तो म्हणाला, "मी जाऊ का वर?"

त्यानंतर पाच दिवस आर्डिस कामावरून आली की कोट न काढता तळघरात. बाटलीत खाऱ्या पाण्यात बारीक कोळंबीची अंडी उबवायला लावलेली, पोरं पोहायला लागली की त्यांना खायला. त्यांतून कोळंबीची नारिंगी धूळ निघाली, पोरं अजून पानालाच.

ईस्टरच्या आधीचा शुक्रवार. वर्षातला सगळ्यांत मोठा तळणाचा दिवस. त्या दिवशी दुपारी बंद, थेट चारला दारं उघडणार, अडीचला आम्ही निघायला पाहिजे. मी तिला न्यायला गेले. तळघरातून कुणाचाच आवाज येत नव्हता. खाली उतरले तर तिघंही टाकीपुढं ओळीनं.

पानावर एकही पिल्लू नव्हतं. ती पाण्यात होती. दोनशे तरी असतील, डासांच्या थव्यासारखा एक धुरकट ढग, आणि तो ढग वॉल्टरच्या पाठीमागून चाललेला. ती वळली की ढग वळायचा. एखादं पोर भलतीकडं गेलं की नर त्याला तोंडात धरून परत ढगात थुंकायचा. आर्डिसनं पिचकारीनं नारिंगी धूळ सोडली. बघता बघता सगळ्यांची पोटं नारिंगी झाली.

"जेवली," आर्डिस म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता, की मी दुसरीकडं बघितलं.

डेल्मार घसा खाकरून म्हणाला, "पिशवीवर काय लिवायचं?"

"मानाकापुरू. तू लिव्ह. तुझं अक्षार बरं हाय."

"खरंच लिवू?"

"न्हाई, म्हैस लिव्ह."

बाजूच्या टाकीतून मेबल काचेला नाक लावून बघत होती. व्हर्लिन तिला म्हणाला, "आये, तुला आता नातवंडं झाली समज."

"पावनेतीन झाले," मी म्हणाले.

आर्डिसनं पिचकारी डेल्मारच्या हातात दिली. "चार-चार तासांनी. चिमूटभर. जास्त घालशील तर पाणी नासंल. आनि व्हर्लिनला हात लावू दिऊ नगंस." मग ती जिना चढली.

भटारखान्यात पोचलो तेव्हा बाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. आर्डिसनं ॲप्रन बांधला, पिठाचं भांडं पुढं ओढलं, बोटानं पीठ बघितलं आणि त्यात बिअरचा आणखी एक घोट ओतला. तेल तापल्याचा आवाज यायला लागला. सहा वाजता मी आत जाऊन सांगितलं, "डेल्मार आला न्हाई आज. व्हर्लिनचा फोन होता, दोघं तिथंच बसलेत, दोन ताटं धाडा म्हणतात."

"पर्च का कॉड?"

"ते काही बोलले नाहीत."

"मग पर्च," आर्डिस म्हणाली, आणि चार तुकडे पिठात बुडवून कढईत सोडले. "आनि तू हितं हुबी काय ऱ्हायलीस? सात नंबरची धिरडी थंड व्हायलीत."